सहीचे पाचशे

पाटी दोनदा रंगवावी लागली.
पहिल्यांदा मराठी वर होती. नगरपालिकेचा माणूस
चहा संपवून उठताना म्हणाला,
कन्नड वर, मॅडम, आणि अक्षरं मोठी.
दस्तगीर पेंटरला दोन्ही लिप्या येतात,
पण ‘स्ट्रक्चरल’ त्याला दोन्हींत जड गेलं.
कन्नडात त्यानं अक्षराखाली अक्षर लटकवलं,
त्याखाली आणखी एक. तीन मजले.
पाया कुणी विचारला नाही.

निपाणीत खोतांच्या खतदुकानावर माझी खोली.
खालून युरियाचा वास, समोरच्या वखारीतून खकाणा,
हंगामात गिऱ्हाईक आलं तरी आधी शिंकतं.
पण गिऱ्हाईक कुठलं!
दोनशे कार्डं छापली, हार्डवेअरवाल्याकडं ठेवली.
महिन्यानं बघते, तर माझ्या नावाच्या पाठीमागं
आठ एमएम, बारा कांबी, उधार, भरमा.

या गावात ‘नाही’ कुणी म्हणत नाही.
मराठी माणूस म्हणतो, बघू की.
कन्नड माणूस म्हणतो, नोडोणरी.
सात महिने मी या दोन शब्दांचं भाडं भरलं.

मग आदगोंडा चौगुले आले, मागं भरमा गवंडी.
लेकाचं लग्न, वर तिसरा मजला चढवायचा.
‘नकाशा भरमानं काढलाय. तुम्ही फक्त सही.’
आणि पाचशेची नोट
त्यांनी ठोकळ्याखाली सरकवली.
कॉलेजच्या लॅबमधला काँक्रीटचा ठोकळा तो,
आठ किलोचा, दाबूनही न फुटलेला,
म्हणून मी मागून आणला होता.

पाया किती खोल?
‘चार फूट. का, पडलंय काय कधी?’ भरमा म्हणाला.
मी त्याला ओळखते. त्याच्या भिंती ओळंब्यात असतात.
पण खाली काळी माती आहे, भरमा,
चैत्रात तिच्या भेगेत हात जातो कोपरापर्यंत,
आषाढात ती फुगते, घर उचलते,
आणि खाली ठेवताना
होतं तिथंच ठेवत नाही.

‘नाही,’ मी म्हटलं.
खोलीत शब्द नवा होता, सगळेच जरा गप्प.
चौगुल्यांनी नोट ओढली, निघेना.
ठोकळा दोन्ही हातांनी उचलावा लागला.

सही चिकोडीत मिळाली. चारशेला, ऐकलं.
मजला चढला. पडला नाही.
खरं सांगू, दोन-तीनदा त्या गल्लीतून
मी उगाच गाडी वळवली,
आणि तो उभा बघून सुटल्यासारखं वाटलं,
थोडं वाईटही.

वास्तुशांतीचं बोलावणं आलं, गेले.
जेवण उत्तम. हात धुवायला जिन्याखाली गेले, तिथं
केसाएवढी एक चीर.
पर्समधली पेन्सिल काढली,
चिरेवरून आडवी रेघ मारली, शेजारी तारीख.
सवय. दुसरं काही नाही.
नवी सून तांब्या घेऊन उभी होती. तिनं पाहिलं,
विचारलं नाही, पण पाणी ओतायचं थांबली.

त्यानंतरचा हिशेब सांगण्यासारखा नाही.
दोन गोठे, एक कंपाउंड, एक टाकी,
टाकीचे पैसे अजून यायचेत.
खोतांनी भाड्याचं नाव काढलं नाही,
हे मात्र लिहून ठेवायला हवं.

श्रावणाच्या तोंडाला, दुपारी, फोन.
‘मी सुमती. चौगुल्यांची सून.
मॅडम, तुमची रेघ तुटलीय.
अर्धी वर राहिली, अर्धी खाली गेलीय.
मामंजींना दाखवली. गप्प बसलेत.
भरमाअण्णा म्हणाले, त्या बाईलाच बोलवा,
ती तोंडावर नाही म्हणते.’

मग थांबून,
‘तुमची फी किती?’

मी आकडा सांगितला. पहिल्यांदाच,
कमी न करता.
पलीकडं तिनं तो कुणाला तरी कन्नडात सांगितला,
कुणीतरी खोकलं.
‘या,’ ती म्हणाली. ‘पाऊस उघडलाय आत्ता.’

टेप सापडला. छत्री घेतली.
एक चप्पल टेबलाखाली गेली होती,
ती काढायला वाकले.